यात्रेचा जमाखर्च कोणी मांडावा?

रामनवमी जवळ आली की वाशीम जिल्ह्यातील मानोरा आणि यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस या दोन्ही बाजूंचे रस्ते पोहरादेवीच्या दिशेने वाहू लागतात. विदर्भ-मराठवाड्यातून, तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकातून बंजारा समाजाची कुटुंबेच्या कुटुंबे जगदंबा देवीच्या आणि संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला येतात. ‘बंजाऱ्यांची काशी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लहानशा गावात त्या काही दिवसांत लाखांचा समुदाय उतरतो. नगारे वाजतात, लेंगी गीते रंगतात, नवस फेडले जातात. मग गर्दी ओसरते, राहुट्या उतरवल्या जातात आणि गाव पुन्हा आपल्या नित्याच्या उन्हात एकटे उरते.

यात्रेनंतर मागे काय उरले, हा प्रश्न गावात पाच जणांना विचारला तर पाच उत्तरे मिळतील. नारळ-प्रसादाच्या दुकानदाराला भरलेला गल्ला दिसेल. पाच-सात महिन्यांचा धंदा पाच-सात दिवसांत झाला याचे त्याला समाधान असेल. रस्त्याकाठच्या शेतकऱ्याला वाहनांच्या चाकांनी घट्ट झालेली आपली काळी जमीन दिसेल. ग्रामपंचायतीच्या शिपायाला पत्रावळी आणि प्लास्टिकचे ढीग दिसतील. घरधनिणीला आटलेली विहीर आणि टँकरपुढची रांग दिसेल. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्याला मात्र ‘यात्रा शांततेत पार पडली’ एवढे एकच वाक्य दिसेल आणि तेही, त्याच्या जबाबदारीचा विचार करता, काही कमी महत्त्वाचे नव्हे.

या पाचांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. यात्रा एकच असली तरी तिच्या खतावण्या निरनिराळ्या आहेत. पर्यटनाच्या विकासाची चर्चा आज गावोगाव होत असताना नेमकी हीच साधी गोष्ट दृष्टीआड होते. आराखडे होतात, भूमिपूजने होतात, निधीचे आकडे जाहीर होतात. परंतु कोणाच्या वहीत जमा आणि कोणाच्या वहीत खर्च, हे मांडून पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

आशेचे कारण

वाशीमसारख्या जिल्ह्याने पर्यटनाकडे आशेने पाहावे यात नवल नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास भरली आणि तिच्यातील पाचांपैकी चारांहून अधिक माणसे खेड्यांत राहणारी निघाली. सोयाबीन, तूर, कापूस हा शेतीचा कणा आणि पाऊस हा त्या कण्याचा मालक. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली त्यांत वाशीम होता. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातील मागास राहिलेल्या जिल्ह्यांची ‘आकांक्षित जिल्हे’ म्हणून निवड केली त्या यादीतही वाशीमचे नाव आले. मोठा कारखाना नाही, मोठे धरण नाही. काटेपूर्णा, अडाण, अरुणावती या नद्या येथल्या पठारावर उगम पावतात. पण उगमाच्या प्रदेशाचे भाग्यच असे, की नदी त्याच्या अंगावरून निघते आणि पाणी दुसऱ्याच्या शिवारात साठते.

अशा भूमीत देण्यासारखे काय आहे, असे विचारले तर उत्तर इतिहासात आणि श्रद्धेत सापडते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील हरिषेण राजाच्या वराहदेव नामक अमात्याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले, हे तेथील शिलालेखच सांगतो. अजिंठ्याला जाणाऱ्या हजारो प्रवाशांपैकी किती जणांना वाशीमचे नाव माहीत असते, हा प्रश्न येथे विचारण्यात अर्थ नाही. भोसल्यांच्या काळातील बालाजी मंदिर, पद्मतीर्थ, मंगरूळपीरचा दर्गा आणि बिरबलनाथांची यात्रा, नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांना वंदनीय असलेले कारंजा, त्याच कारंजातील जैन मंदिरे व प्राचीन हस्तलिखितांचे भांडार, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, काळविटांसाठी राखलेले कारंजा-सोहोळ अभयारण्य आणि पोहरादेवी, अशी ही संपत्ती आहे. तिचा उपयोग रोजगारासाठी व्हावा ही इच्छा सर्वथा रास्त आहे. प्रश्न इच्छेचा नसून हिशेबाचा आहे.

रुपया कोठे जातो?

अर्थशास्त्रात ‘गुणक’ नावाची एक संकल्पना आहे. बाहेरून आलेला रुपया गावात एकदाच खर्च होऊन थांबत नाही. हॉटेलवाला तो दूधवाल्याला देतो, दूधवाला सुताराला, सुतार शिंप्याला. अशा रीतीने एका रुपयातून गावाचे उत्पन्न रुपयाहून अधिक वाढते. पर्यटनाचे समर्थक या गुणकाचा उल्लेख आवर्जून करतात. त्याच्याच जोडीला उभी असलेली दुसरी संकल्पना मात्र ते सहसा सांगत नाहीत. ती म्हणजे ‘गळती’. प्रत्येक फेरीत रुपयाचा जो भाग गावाबाहेर निसटतो तो गुणकाला तेवढाच दुबळा करतो. बादलीला भोक असेल तर विहीर कितीही भरलेली असून उपयोग काय?

पोहरादेवीच्या बाजारात उभे राहून ही गळती पाहता येते. नारळ मानोऱ्याच्या शिवारात पिकत नाही. खेळणी, बांगड्या, माळा, तसबिरी शहरांच्या घाऊक पेठांतून येतात. डिझेल वाटेवरच भरलेले असते. अनेक यात्रेकरू शिधा बरोबर आणतात आणि राहुटीतच स्वयंपाक करतात. समजा, एका कुटुंबाने यात्रेत हजार रुपये खर्च केले आणि त्यांतील सातशे रुपयांचा माल बाहेरून आलेला असला, तर गावाच्या पदरात मजुरी व नफा मिळून तीनशेच पडतील. आणि दुकानही बाहेरच्याचेच असेल तर तेवढेही नाहीत. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, पण तत्त्व खरे आहे. गावाला मिळणारे उत्पन्न यात्रेकरूंच्या संख्येवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते विकल्या जाणाऱ्या मालात गावाचा वाटा किती, यावर असते.

कारंजाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. दिल्ली, दारव्हा, पोहा आणि मंगरूळ या नावांच्या वेशी असलेले हे जुने व्यापारी शहर एकेकाळी कापसाच्या बळावर उभे होते. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ येथूनच जाई आणि वऱ्हाडचा कापूस बाहेर नेई. ती गाडी काही वर्षांपूर्वी थांबली. आज शहरात बाहेरून जी माणसे येतात त्यांत गुरुमंदिराच्या दर्शनाला येणाऱ्या दत्तभक्तांचा वाटा मोठा आहे. हा भाविक सकाळी येतो, अभिषेक करतो, प्रसाद घेतो आणि बहुधा त्याच दिवशी माहूरकडे किंवा शेगावकडे निघतो. त्याच्या दृष्टीने यात्रा सफळ झाली. संस्थानाच्या दृष्टीने सेवा रुजू झाली. मंदिराच्या परिसरातील रिक्षावाल्याला आणि फुलवाल्याला चार पैसे मिळाले. परंतु त्याच शहरातील हस्तलिखितांचे भांडार, ज्यातील अपभ्रंश ग्रंथ डॉ. हीरालाल जैन यांनी १९३० च्या दशकात संपादून प्रकाशात आणले आणि भारतीय भाषांच्या इतिहासात कारंजाचे नाव कायमचे कोरले, ते भांडार या भाविकाच्या प्रवासात येत नाही. एक दिवसाचा प्रवासी दोन दिवसांचा झाला तर शहराचा लाभ दुपटीहून अधिक वाढतो, कारण मुक्काम आला की जेवण आले, वाहन आले, वाटाड्या आला. हे घडवण्यास शेकडो कोटी लागत नाहीत. माहिती देणारा एक जाणता तरुण आणि वेळेवर उघडणारे एक दार पुरते.

दृष्टी बदलत जाते

पर्यटनाविषयी स्थानिक लोकांची भावना स्थिर नसते, हे जगात इतरत्र फार पूर्वी ध्यानात आले आहे. जॉर्ज डॉक्सी या अभ्यासकाने १९७५ मध्ये वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेट आणि कॅनडातील नायगारा परिसरातील एक गाव यांच्या निरीक्षणावरून चार पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर पाहुण्याचे उल्हासाने स्वागत होते. दुसरीवर तो नेहमीचा होतो आणि संबंध केवळ व्यवहाराचे उरतात. तिसरीवर त्याचा त्रास वाटू लागतो. चौथीवर उघड वैर येते. पुढे इतर अभ्यासकांनी यात एक महत्त्वाची भर घातली. सगळे गाव एकाच पायरीवर नसते. ज्याला लाभ होतो तो पहिलीवर रेंगाळतो आणि ज्याच्या वाट्याला केवळ भार येतो तो लवकर तिसरी गाठतो.

कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या सीमेवर या म्हणण्याची प्रचीती येते. सुमारे अठरा चौरस किलोमीटरचे हे गवताळ रान. काळविटांचा कळप उड्या घेत निघाला की शहरातून आलेला निसर्गप्रेमी थक्क होतो आणि ते साहजिकच आहे. पण काळविटाला अभयारण्याची सीमा वाचता येत नाही. रात्री तोच कळप, आणि त्याच्यासोबत रोही व रानडुकरे, लगतच्या हरभऱ्यात आणि तुरीत उतरतात. निसर्गप्रेमी ज्याला सौंदर्य म्हणतो त्याला शेतकरी नुकसान म्हणतो. वनरक्षक ज्याला संवर्धन म्हणतो त्यासाठी शेतकऱ्याला पौष-माघाच्या थंडीत मचाणावर जागावे लागते. शासन पीकनुकसानीची भरपाई देते. परंतु अर्ज, पंचनामा आणि मंजुरी या वाटेवर जाणारा वेळ व भाडे लहान शेतकऱ्याला परवडतेच असे नाही. अशा स्थितीत ‘स्थानिकांमध्ये वन्यजीवांविषयी जागृती नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे ज्याने बिल भरले त्यालाच अडाणी ठरवणे होय. काळवीट पाहण्यासाठी येणाऱ्याच्या शुल्कातील निश्चित हिस्सा त्याला पोसणाऱ्या गावाकडे गेला, तर हीच दृष्टी बदलू शकते.

शिरपूर येथे वेगळाच धडा मिळतो. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मूर्तीवरील हक्काबाबत जैन धर्मातील दोन पंथांचा वाद जुना आहे. १९०५ मध्ये पूजेच्या वेळांविषयी समझोता झाला, तो टिकला नाही आणि प्रकरण १९२९ मध्ये थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९८१ पासून मूळ मंदिर कुलूपबंद झाले आणि भाविकांना झरोक्यातून दर्शन घ्यावे लागू लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२३ च्या आदेशानंतर ते दार बेचाळीस वर्षांनी उघडले. वाद कोणाचा बरोबर, हा न्यायालयाचा विषय. पण या बेचाळीस वर्षांत शिरपूर गावातील पानाफुलांचे दुकानदार, टांगेवाले, पुढे रिक्षावाले, खानावळी चालवणाऱ्या बाया यांच्यापैकी कोणीही त्या खटल्यात पक्षकार नव्हते. ज्यांचे पोट त्या दारावर होते त्यांचे नाव कोणत्याही कागदावर नव्हते. तीर्थक्षेत्राच्या भवितव्यात हितसंबंध असलेले सगळेच लोक निर्णयाच्या मेजाभोवती बसलेले नसतात, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच मिळेल.

रस्ता आणि संग्रहालय

जिल्ह्याच्या पर्यटनाला बळ देणाऱ्या म्हणून दोन गोष्टींचा अलीकडे विशेष उल्लेख होतो. एक समृद्धी महामार्ग आणि दुसरी पोहरादेवीचे बंजारा विरासत संग्रहालय.

नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. तो कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जातो. नागपूरच्या माणसाला कारंजा आता जवळ आले, हे खरेच आहे. पण या मार्गाला कठडे आहेत आणि ठरावीक ठिकाणीच तेथून उतरता येते. जुन्या रस्त्यावर वाहन थांबे तेथे चहा विकला जाई. नव्या रस्त्यावर वाहन वेगाने निघून जाते. रस्ता जवळीक वाढवतो, तसाच तो वळसाही घालतो. नियोजनकर्त्याला नकाशावर रेषा दिसते, तर धाबेवाल्याला त्या रेषेवरून न थांबता जाणाऱ्या गाड्यांचे दिवे दिसतात. उतरण्याच्या ठिकाणी स्थानिक बचतगटांच्या, शेतमालाच्या, हस्तकलेच्या विक्रीला हक्काची जागा दिली नाही, तर तेथेही बाहेरचीच दुकाने उभी राहतील.

संग्रहालयाचा प्रश्न याहून नाजूक आहे. नगाऱ्याच्या आकाराच्या त्या भव्य वास्तूचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. एकेकाळी बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ लादून अवघा देश जोडणारा समाज. इंग्रजी अमदानीत आगगाडी आली, मिठावर सरकारी मक्तेदारी आली आणि त्याचा व्यापार बुडाला. वर गुन्हेगारी जमातींच्या कायद्याने त्याच्या कपाळी कलंक लावला. अशा समाजाचा इतिहास सन्मानाने मांडला जातो याचे मोल रुपयांत होत नाही. तांड्यातून आलेली आजी काचेआडची फेटिया-कांचळी पाहून नातीला ‘ही माझ्या आईची’ असे सांगते, तेव्हा जे घडते ते कोणत्याही गुणकात बसत नाही. अर्थशास्त्राने आपली मर्यादा येथे नम्रपणे मान्य केली पाहिजे.

परंतु याच सन्मानाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जी कशिदाकारी काचेआड आहे ती करणारे हात अजून जिवंत आहेत आणि तांड्यांतील अनेक कुटुंबांचे हात दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला किंवा शहरांतील बांधकामांवर राबायला जातात. संग्रहालयाला भेट देणारा प्रवासी त्या कलेचे कौतुक करून रिकाम्या हाताने परतला आणि कलावती कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागली, तर वारसा जतन झाला की केवळ मांडला गेला, असे विचारावे लागेल. समाजाच्या नेत्यांना संग्रहालयात अस्मिता दिसते, शासनाला विकास दिसतो, प्रवाशाला नवलाई दिसते. तांड्यातील स्त्रीला त्यात स्वतःची रोजी दिसावी, ही अपेक्षा अवास्तव नाही.

ग्रामपंचायतीची रिकामी पिशवी

या सर्व खतावण्यांत सर्वांत दुर्लक्षित खतावणी ग्रामपंचायतीची आहे. रामनवमी चैत्रात येते. वऱ्हाडात विहिरींचे तळ दिसू लागण्याचा हाच काळ. काही हजारांच्या वस्तीसाठी बेतलेली पाणीयोजना, गटारे आणि सफाई कामगार यांच्यावर लाखांचा भार पडतो. मुख्य रस्ते, भक्तनिवास, सुशोभीकरण यांसाठी राज्याचा निधी येतो. पण बांधलेली शौचालये वर्षभर स्वच्छ ठेवणे, दिवे लावणे, कचरा उचलणे हा आवर्ती खर्च येतो तो गावाच्या माथी. भांडवली खर्चाला उद्घाटन असते, देखभालीला नसते. त्यामुळेच राज्यात ठिकठिकाणी फरशी उखडलेले घाट आणि कुलूप लागलेली प्रसाधनगृहे आढळतात.

कायद्याने ग्रामपंचायतीला अगदीच निराधार ठेवलेले नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ मध्ये यात्रा कर बसवण्याची तरतूद आहे. बाजारावर आणि गाडीतळावर फी घेता येते. प्रत्यक्षात मात्र भाविकांवर कर बसवण्याचे धाडस सरपंचाला होत नाही आणि त्याचा संकोच समजण्यासारखा आहे. श्रद्धेच्या दारात पावतीपुस्तक घेऊन बसणे कोणाला आवडेल? पण यात्रेकरूला न दुखवताही मार्ग काढता येतो. वाहनतळ आणि तात्पुरत्या दुकानांची फी थेट ग्रामपंचायतीकडे जावी, संस्थानांनी आपल्या उत्पन्नाचा ठरावीक भाग सफाई आणि पाण्यासाठी द्यावा, आणि राज्याने प्रत्येक विकास आराखड्यात बांधकामाच्या बरोबरीने पुढील दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद करावी, या तीन गोष्टी अशक्य कोटीतील नाहीत.

याहूनही प्राथमिक अशी चौथी गोष्ट आहे. आराखडा मंजूर होण्यापूर्वी तो गावात वाचून दाखवला जावा. ग्रामसभेत दुकानदार बोलेल, तसाच ज्याच्या शेतातून रस्ता जाणार तो शेतकरीही बोलेल. आणि पाण्यासाठी वणवण करणाऱ्या स्त्रियांची वेगळी सभा घेतली तर त्याही बोलतील. त्यांचे म्हणणे परस्परविरोधी असेल. ते तसे असणारच. मतभेद हा आराखड्याचा अडथळा नसून त्यातील उणिवा आधीच सांगणारा फुकटचा सल्लागार आहे. त्याला डावलले तर तोच पुढे मोर्चा, खटला किंवा मुकी नाराजी बनून परत येतो आणि तेव्हा त्याची किंमत कितीतरी अधिक असते.

पर्यटनाने वाशीमचे दारिद्र्य संपेल असे समजणे जितके भाबडेपणाचे, तितकेच त्यातून काहीच निष्पन्न होणार नाही असे म्हणणे आळशीपणाचे ठरेल. यात्रा पूर्वीही भरत होत्या आणि पुढेही भरतील. कोणताही आराखडा नव्हता तेव्हाही तांडे पोहरादेवीची वाट चालत होते. बदलले आहे ते इतकेच की आता त्या वाटेवर सार्वजनिक पैसा ओतला जात आहे. आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब सर्वांच्या वह्या उघडून मांडावा लागतो. येत्या रामनवमीला किती लाख भाविक आले, हा आकडा दुसऱ्या दिवशी छापून येईलच. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा छापून यावा: या वर्षी मानोरा तालुक्यातील किती कुटुंबांनी यात्रेमुळे ऊसतोडीची उचल घेतली नाही. तो आकडा ज्या वर्षी वाढू लागेल, त्या वर्षी पोहरादेवीच्या नगाऱ्याचा आवाज तांड्यातल्या शेवटच्या झोपडीपर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.